टंचाईतला स्वयंपाक: मिलोची भाकरी, हुलग्याचं (कुळथाचं) माडगं, भुशाची शेगडी... तुमच्या घरात काय होतं?

जात्यावरची

शिळ्या पोळीचा लाडू, फोडणीचा भात, उरलेल्या वरणाच्या दशम्या यांवर इथे भरपूर लिहून झालंय. मला त्याच्या आधीचं हवंय. उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न ज्या घरात काही उरतं तिथला. जिथे डब्यातच पीठ कमी, तेल पळीवर मोजलेलं आणि रॉकेलला रांग, तिथे बायकांनी चूल कशी चालवली ते या धाग्यात लिहूया. ६५-६६चं रेशन, ७२चा दुष्काळ, ८२चा गिरणी संप. हे दिवस कळत्या वयात पाहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना विचारा आणि इथे आणून टाका. फक्त "आजी फार काटकसरी होती" एवढ्यावर थांबू नका. जिन्नस, प्रमाण, कृती, आणि ते कशामुळे जमायचं, एवढं तरी लिहा.

सुरुवात मी करते. आमचं गाव खटाव तालुक्यातलं. ७० पासून पाऊस मागे सरत गेला आणि ७२ला साफ गेला. आई आणि थोरल्या काकू दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. रेशनला मिळायचा मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. काकूंनी सांगितलेलं जसंच्या तसं देते. मिलोच्या पिठाला विरी अजिबात नाही. थंड पाण्यात मळलं की थापतानाच कडा फाटायच्या, आणि तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे चार तुकडे. म्हणून आधण ठेवायचं, त्यात मीठ टाकायचं, पीठ घालून लाटण्याच्या टोकानं ढवळायचं आणि झाकून वाफ द्यायची. ती उकड गरम असतानाच हाताला पाणी लावून मळायची. मूठभर उडदाचं किंवा हुलग्याचं पीठ असलं तर तेही त्यातच. तेवढ्यानं भाकरी धरून राहायची. जाडच थापायची, कारण पातळ थापली की उचलताना गेली. गार झाल्यावर ती लाकडासारखी व्हायची, त्यामुळे सकाळची भाकरी रात्री नुसती कुणी खात नसे. आमटीच्या पाण्यात चुरून, नाहीतर पाणीदार ताकात भिजवून.

दुसरं माडगं. हुलगे निवडून कोरडेच खमंग भाजायचे. जात्यावर भरडून टरफल पाखडायचं आणि मग बारीक दळायचं. एवढं पीठ तयार असलं की बाकीचं काम थोडंच: मूठभर पीठ गार पाण्यात कालवून घ्यायचं (गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या), मग तांब्याभर उकळत्या पाण्यात सोडायचं, मीठ, गुळाचा खडा, असली तर सुंठ. दाटसर झालं की उतरवायचं. एका मुठीत तीन-चार पोरांच्या वाट्या भरायच्या, आणि पोटात आधार राहायचा.

कामावर सुकडी मिळायची, गोडसर आणि रवाळ. कोरडी खाल्ली की घशाला बसते, म्हणून बायका ती पदराला बांधून घरी आणायच्या आणि पाण्यात शिजवून पोरांना खिरीसारखी द्यायच्या.

काकूंच्या बोलण्यातून माझ्या एक लक्षात आलं. ज्याला चव होती ते दिवस फिरल्यावरही घरात राहिलं. जे नाइलाजानं खाल्लं ते पहिल्या चांगल्या सुगीबरोबर गेलं. माडगं आमच्याकडे अजून होतं. मिलोचं नाव काढलं की काकू अजून तोंड फिरवतात. मला या धाग्यात दोन्ही हवंय. राहिलेल्याची कृती कुठेही मिळेल, गेलेल्याची मिळणार नाही.

पाटाभर

वाचनखूण साठवली. आईला आज रात्री फोन करते.

गिरणगावकर

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी लालबागच्या चाळीत वाढलो. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा वडील साचाखात्यात (विणकामाच्या विभागात) होते आणि मी सातवीत. संप लांबत गेला, पगार बंद, आणि वाणी तरी उधारी किती दिवस देणार? बऱ्याच घरांनी बायकामुलांना गावी पाठवलं. आमच्या गावाकडून तांदूळ, कुळीथ आणि आमसुलं यायची, त्यावर आम्ही तग धरला.

पहिली लढाई इंधनाची होती. रॉकेल कार्डावर मोजकंच, म्हणून घरोघरी भुशाची शेगडी आली. ती कशी भरायची ते लिहितो, कारण आता ती कुठे दिसत नाही. पत्र्याचा डबा घ्यायचा. खाली बाजूला एक भोक. मधोमध एक बाटली उभी धरायची आणि खालच्या भोकातून एक दांडकं आडवं घालून बाटलीच्या बुडाला टेकवायचं. मग लाकडाच्या वखारीतला भुसा भोवतीनं ठासायचा. हे ठासणंच सगळं. सैल राहिला तर पेटल्यावर आत कोसळतो आणि शेगडी विझते, नुसता धूर. पक्का दाबला की बाटली गोल फिरवत वर काढायची, दांडकं ओढून घ्यायचं. खालून वरपर्यंत धुराडं तयार. खालच्या भोकात पेटती ढलपी सरकवली की ते आतून कडेनं जळत जातं. एकदा भरलेल्या डब्यावर सकाळचा चहा, डाळ, भात आणि अंघोळीचं पाणी एवढं निघायचं. ढलपी आतबाहेर सरकवून आच कमीजास्त करायची. भुसा ओला असला तर मात्र सगळ्या मजल्याला खोकला, त्यामुळे पावसाळ्यासाठी पोती भरून पोटमाळ्यावर ठेवायचो.

दुसरं वजडी. मटण परवडायचं नाही, पण बोकडाची वजडी (पोट-आतडी) स्वस्त. आई ती कडकडीत पाण्यात घालून वर चुना चोळायची आणि सुरीच्या पाठीनं काळं सालपट खरवडून काढायची. पांढरी स्वच्छ होईपर्यंत पाणी बदलत राहायची. मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि मसाला. कुकर घरात नव्हता, त्यामुळे भुशाच्या शेगडीच्या उतरत्या आचेवर ती दुपारभर राहायची. ताई, तुमचं म्हणणं इथे पटतं. ते आमचं चैनीचं जेवण होतं आणि आजही आहे.

खानावळवाल्या बायकांची आठवण काढल्याशिवाय गिरणगावाचं लिहिणं पुरं होत नाही. चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा गडी जेवायला, महिन्याच्या हिशेबावर. संपात गड्यांचा पगार थांबला तसा या बायकांचाही पैसा अडकला, तरी ताट थांबवलं नाही अशा बाया मी पाहिल्यात. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. या बायकांचा हात मापाचा इतका पक्का, की आमटीला डाळ किती आणि पाणी किती हे माणसं मोजून ठरायचं. डाळ कमी असली की भोपळ्याच्या फोडी नाहीतर शेवग्याच्या शेंगा टाकायच्या, आणि थोडी डाळ वाटून वरून लावायची म्हणजे पातळ आमटीलाही अंग यायचं.

माडाची सावली

भुशाच्या शेगडीचं इतकं सविस्तर कुणी लिहिलेलं पहिल्यांदाच वाचलं. धन्यवाद काका.

आमच्याकडे (कुडाळच्या बाजूला) टंचाई दुष्काळाची नव्हे, आगोटीची. पावसाचे महिने म्हणजे बाजार बंद, होड्या किनाऱ्याला, हातात पैसा नाही. त्यामुळे सगळी तयारी वैशाखात. सुकट, सुके बोंबील, आमसुलं, कुळीथ, मीठ. आणि आठळ्या! फणस खाऊन झाला की आठळ्या धुऊन सावलीत वाळवायच्या, लाल मातीच्या चिखलात घोळवायच्या आणि परत वाळवून घराच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवायच्या. मातीच्या लेपामुळे त्या सुकून टणक होत नाहीत आणि कोंबही लवकर धरत नाहीत. श्रावणापर्यंत पुरतात. लागतील तशा धुऊन अळूत, सुकटीच्या कालवणात, डाळीत. संध्याकाळी पोरांना भूक लागली की चुलीतल्या निखाऱ्यात भाजून. बटाटा विकत आणायची गरजच पडत नसे.

पेजेबद्दल: उकड्या तांदळाची पेज आमच्याकडे सकाळचं जेवणच. मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात, कणी फुटेपर्यंत. वर मीठ, सोबत भाजलेला सुका बांगडा नाहीतर लोणच्याची फोड. गोव्यातही हेच. भात वेळून केला तर निवळ कधी ओतली जात नसे. ती मीठ घालून प्यायची किंवा कुळथाच्या पिठीला पाणी म्हणून वापरायची. उरलीच तर सुती लुगड्यांना खळ.

तेलाची एक युक्ती. घावनांना तव्यावर तेल सोडायचं नाही. नारळाच्या शेंडीचा कुंचला करायचा, तो तेलात टेकवून तव्यावर फिरवायचा. वाटीच्या तळाशी असलेल्या तेलात घरभराचे घावन निघतात. शेंडी नसली तर अर्धा कापलेला कांदा काट्याला टोचून. कांद्यानं तवाही साफ राहतो.

तापीकाठी

आम्ही खान्देशातले, जळगावकडचे. कळण्याची भाकरी आता हॉटेलात ठेच्याबरोबर महाग मिळते, पण घरात ती आली ती डाळ भरडल्यावर उरलेली चुरी वाया जाऊ नये म्हणून. आई सांगते, ज्वारी चार भाग, उडीद सालीसकट एक भाग आणि खडेमीठ, सगळं एकत्र दळायचं. सालीमुळे पीठ काळपट होतं. उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी मऊ होते आणि दुसऱ्या दिवशीही तुटत नाही. मिलोत उडीद मिसळण्याचं कारण तेच असावं. अशा भाकरीबरोबर भाजी नसली तरी चालते: मिरची भाजून मीठ-लसूण घालून रगडली की ताट पूर्ण.

तेलाबद्दल माडाची सावली यांनी लिहिलंय त्यात भर. आमच्याकडे तेल नसलं की तेलबिया होत्या. शेंगदाणे, तीळ, कारळे, जवस. कोरडं भाजायचं, मीठ-मिरची-लसूण घालून कुटायचं. भाजीतही तसंच: वांगं कढईत कोरडंच भाजायचं, झाकण ठेवून झाकणावर पाणी घालायचं, वाफेवर शिजलं की वरून दाण्याचा कूट. आई तेलाची फोडणी आधी द्यायचीच नाही. भाजी शिजल्यावर छोट्या पळीत चमचाभर तेल, मोहरी, लसूण तडतडवून वरून. वास सगळा वरच राहतो. मग त्याच पळीत भाजीचा रस घेऊन ती विसळायची.

पाटाभर

आईशी बोलले. आम्ही सोलापूरचे. तिचं म्हणणं, कडक भाकरी लिहिलीच पाहिजे. ज्वारीची भाकरी अगदी पातळ थापून भाजायची आणि मग चुलीच्या कडेला उभी करून मंद धगीवर पापडासारखी कडक होऊ द्यायची. कापडात बांधून ठेवली की कितीतरी दिवस टिकते. म्हणजे सरपण एकदाच. गावोगाव फिरणारे, शेतावर वस्तीला राहणारे आणि माघावर (हातमागावर) बसणारे यांना रोज चूल पेटवायला वेळ आणि लाकूड कुठलं?

आणि शेंगाचटणी. उखळात भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ कुटत राहायचं. लवकर थांबलं तर भुकटी, कुटत राहिलं तर दाण्याचं तेल सुटून ती आपोआप ओलसर, गोळ्या होणारी बनते. वरून तेल घालायची गरज नाही. मिक्सरमध्ये ती का होत नाही याचं उत्तर यातच आहे. पातं कापतं, मुसळ ठेचतं.

रोखठोक

सगळं वाचलं. माहिती मोलाची आहे, पण मला एक गोष्ट खटकतेय आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही. आपण युक्त्या लिहितोय. सगळ्यात मोठी युक्ती कुणी लिहिली नाही. घरातली बाई शेवटी जेवायची आणि कमी जेवायची. माझ्या आजीच्या घरात भाकरी मोजून व्हायच्या: पुरुष माणसांना आधी, मग पोरं, मग सासू. शेवटी दोन सुना एका ताटात, आणि त्या ताटात भाजीऐवजी कढई पुसून घेतलेला मसाला. बाळंतीण असली तरी. आमची एक चुलतआजी अशीच अंगात रक्त नसताना गेली. त्याला काटकसर म्हणायचं का? आजच्या मुलींना हे कौतुकानं सांगायला माझं मन तयार होत नाही.

जात्यावरची

रोखठोक, तुमचं म्हणणं धाग्याच्या बाहेरचं नाही, अगदी मधलं आहे. म्हणूनच मी "गेलेलं" लिहा म्हणाले. काकूंना मी मुद्दाम विचारलं. त्यांचं उत्तर: "भांड्याला लागलेलं माझं." आधणाच्या भांड्याला चिकटलेली उकड खरवडून, त्यात पाणी घालून त्या प्यायच्या. दिवसभर खडी फोडून आल्यावर. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं तितकंच महत्त्वाचं आहे, म्हणून इथे ठळक लिहितेय.

पण एक फरक करूया. उडीद मिसळून भाकरी धरून ठेवणं हे ज्ञान आहे. ते बाईनं शोधलं, तिचं श्रेय तिला मिळावं. तिनं उपाशी राहणं हे ज्ञान नव्हे, तो अन्याय आहे. पहिलं शिकायचं आणि दुसरं तितकंच स्पष्ट नोंदवायचं. दोन्ही एकाच बाईच्या तोंडून ऐकायला मिळतं, आणि तिला आपण फक्त कृती विचारतो.

वसईची वाट

या बायका गप्प बसल्या नव्हत्या हेही लिहा. ७२मध्ये मुंबईत महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे होत्या. हातात लाटणी घेऊन हजारो बायका रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेल कार्डावर वेळेत आणि ठरलेल्या भावात मिळावं ही मागणी. माझी आई त्या लाटणे मोर्चांत गेली होती. त्याआधी ६५मध्ये शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडा म्हटलं तेव्हा आमच्या इमारतीत सगळ्यांनी सोडलं होतं. आईला दोन्हीचा अभिमान आहे. सोमवार सोडला तो देशासाठी, लाटणं उचललं ते साठेबाजांवर.

वैनगंगेचं पाणी

भंडारा-गोंदियाकडून. आमच्याकडचं एक "गेलेलं" सावध करण्यासाठी लिहितो: लाखोळीची डाळ. धान निघायच्या आधी बांधीतल्या ओलीवर लाखोळीचं बी फेकून पेरायचं. नांगरट नाही, पाणी नाही, तरी पीक येतं. इतर सगळं जळालं तरी लाखोळी उभी राहायची, त्यामुळे दुष्काळात गरिबाच्या घरी तीच डाळ, तिचंच बेसन, तिचीच भाकर. मोठ्या शेतकऱ्याकडच्या सालगड्याला मजुरीतही तीच मिळायची. आणि रोज, महिनोन्‌महिने, दुसरं काही नसताना तीच खाल्ली की पायातली शक्ती जायची. गुडघे आखडायचे, माणूस काठीवर यायचा. कायमचा. १९६१मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली ती याच कारणानं.

जुन्या बाया डाळ गरम पाण्यात रात्रभर भिजवून ते पाणी फेकायच्या, आणि शिजवताना पहिलं उकळलेलं पाणीही फेकायच्या. त्यानं विष बरंच उतरतं. पण तेवढं पाणी आणि सरपण असणं हीसुद्धा चैनच होती. ज्याच्याकडे ते नव्हतं त्याचे पाय गेले.

मोहफुलं मात्र चवीनं टिकली. वेचून, वाळवून, भाजून त्यात तीळ किंवा जवस कुटून लाडू. माझ्या घरी अजून होतात.

पोषणवही

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वरच्या प्रतिसादांमधलं काय आजही उपयोगाचं आहे ते थोडक्यात सांगते.

ज्वारीत उडीद किंवा हुलगा मिसळणं उत्तम. तृणधान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर. दोन्ही मिळून प्रथिनं शरीराला नीट लागतात. हुलग्यात शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं आहेत, म्हणून मूठभर माडग्यानं पोटाला आधार वाटायचा.

निवळ न फेकणं हेही खरं शास्त्र. भात वेळला की ब१ जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातं, निवळ प्यायली की ते परत मिळतं. उकड्या तांदळात ते दाण्यातच मुरलेलं असतं.

दाण्याच्या कुटाची गोष्ट: शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. त्यामुळे चटणीतून स्निग्धांश मिळतोच, शिवाय प्रथिनंही. कमी तेलाचं जेवण म्हणून तापीकाठी यांच्या आईची पद्धत मी रुग्णांना सुचवणार आहे.

दोन ठिकाणी सांभाळा. हिरवट झालेल्या किंवा कोंब आलेल्या बटाट्याची साल काटकसर म्हणून वापरू नका. आणि शिजलेला भात उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी देऊ नका. परत गरम केल्यानं त्यातलं विष जात नाही. लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवा.

रोखठोक यांनी लिहिलेल्या चुलतआजीसारख्या बायका मला आजही भेटतात. हिमोग्लोबिन सात-आठ, आणि विचारलं की "मी शेवटी जेवते, उरलं तर". टंचाई संपली, सवय राहिली आहे.

नव्या घरची

वाचतेय. एक शंका. साखर संपली म्हणून गुळाचा चहा करून पाहिला, दर वेळी दूध फाटतं. जुन्या काळी कसं जमायचं?

माडाची सावली

@नव्या घरची, गूळ आणि दूध एकत्र उकळू नका. गूळ थोडा आंबट असतो, उकळताना दूध फाडतो. पाण्यात चहापूड आणि गूळ उकळून घ्या, गॅस बंद करा, गाळा. दूध वेगळं तापवून मग वरून घाला. त्यानंतर परत गॅसवर ठेवायचं नाही. आमच्याकडे दूधच नसायचं म्हणून कोरा गुळाचा चहा, त्याला प्रश्नच नव्हता. हो, आणि दुधाचं पातेलं विसळलेलं पाणी कणकेत. पोळ्या मऊ होतात.

गिरणगावकर

ताई, तुमच्या हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे (रश्शात शिजवलेल्या पिठाच्या वळ्या) करायचा घाट काल घातला. आमच्या घरी कुळथाची पिठी व्हायची, शेंगोळे कधी नाही. सगळे विरघळले, दाट आमटी झाली. चव छान, पण शेंगोळं एकही नाही. काय चुकलं?

जात्यावरची

काका, दोनपैकी एक झालं असणार. पीठ सैल, किंवा पाणी पुरेसं उकळत नव्हतं. नुसत्या हुलग्याच्या पिठाचे करू नका. दोन वाट्या हुलग्याला अर्धी वाटी गव्हाचं आणि अर्धी ज्वारीचं. लसूण, जिरं, हिरवी मिरची, मीठ जाडसर ठेचून पिठातच घाला. घट्ट मळा, पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट, आणि थोडा वेळ झाकून ठेवा. तळहाताला तेलाचं बोट लावून करंगळीएवढी वळी करा आणि टोकं जोडा.

फोडणी देऊन पाणी ओता, ते खळखळून उकळू द्या. मग एकेक शेंगोळं सोडा, सगळे एकदम नाही, नाहीतर उकळी बसते. पहिली पाच मिनिटं डाव अजिबात घालायचा नाही. वर तरंगायला लागले की मग हलक्या हातानं ढवळा आणि मंद आचेवर शिजू द्या. एक तोडून बघा, आतून पांढरट दिसलं तर अजून कच्चं आहे. परातीला लागलेलं पीठ पाण्यात कालवून शेवटी रश्शात सोडायचं, त्यानं रस्सा दाटतो. भाकरी वेगळी लागत नाही, भाजी वेगळी लागत नाही, एकाच भांड्यात सगळ्यांचं जेवण.

आणि वाढताना घरात कोण कोण आहे ते आधी मोजून सगळ्यांच्या वाट्या एकदमच भरा. रस्सा कमी वाटला तर उकळतं पाणी वाढवा, शेंगोळे मऊ पडत नाहीत.

वैनगंगेचं पाणी, मोहफुलांच्या लाडवाचं प्रमाण द्याल का? फुलं भाजताना करपतात म्हणतात, ते कसं टाळता?

वैनगंगेचं पाणी

नक्की. फुलं आधी निवडून आतले तुरे काढायचे, ते कडू असतात. मग मंद आचेवर, थेंबभर तेल लावलेल्या कढईत, सतत हलवत. त्यांच्यात साखर भरपूर, म्हणून मोठ्या आचेवर लगेच करपतात. फुगून तपकिरी झाली की उतरवायची आणि गरम असतानाच भाजलेल्या तिळाबरोबर कुटायची. दोन वाट्या फुलं, एक वाटी तीळ. गूळ लागत नाही. गरम असतानाच वळा, गार झाल्यावर वळत नाहीत. आईला विचारून जवसाचं प्रमाण उद्या टाकतो.